छोट्या पोस्टमधून वाचक कसा गाठायचा: मराठी लिहिणाऱ्यांसाठी पायरीवार पद्धत

अलक (अतिलघुकथा), चारोळी, शतशब्दकथा, एसटीत कानावर पडलेला संवाद, दीडशे शब्दांचं निरीक्षण. मराठीत छोटं लिहिणारे फेसबुक-इन्स्टावर भरपूर आहेत आणि बहुतेकांची तक्रारही एकच असते: तेच चाळीस ओळखीचे लोक लाइक करतात, पोस्ट पुढे सरकत नाही. याचं नेहमीचं कारण असं, की या पोस्टने वाचकाकडून काय करून घ्यायचं हे लिहिताना ठरवलेलंच नसतं.

कोणाला कोणती पोस्ट दाखवायची हे ठरवणाऱ्या अल्गोरिदमला तुमची शैली कळत नाही. वाचकाचा अंगठा काय करतो ते मात्र तो बारकाईने टिपतो. वाचक थांबला का, 'सी मोअर' दाबलं का, काही लिहिलं का, कुणाला पाठवलं का, सेव्ह केलं का, पुढची पोस्ट बघायला प्रोफाइलवर गेला का. यातली प्रत्येक कृती वेगळ्या तऱ्हेच्या मजकुराने घडते आणि छोट्या पोस्टमध्ये एकीलाच जागा असते. म्हणून एका पोस्टकडून एकच काम.

यंत्र काय मोजतं

ट्विटरने (आताचं एक्स) ३१ मार्च २०२३ रोजी आपल्या फीडचा बराचसा कोड गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर खुला केला. त्या वेळी जाहीर झालेल्या आकड्यांत लाइकचं वजन ०.५ होतं, रीट्वीटचं १, रिप्लायचं १३.५. रिप्लाय आला आणि त्याला लेखकाने प्रतिसाद दिला, तर वजन ७५. उलट बाजूला 'असं दाखवू नका' छापाच्या नापसंतीला उणे ७४ आणि रिपोर्टला उणे ३६९. प्रत्येक वाचकाकडून यातली कोणती कृती होण्याची शक्यता किती, हे यंत्र आधी काढतं, तिला वजनाने गुणतं आणि सगळ्याची बेरीज करतं. आकडे त्या वेळचे आहेत, ते पाठ करण्यात अर्थ नाही. पण कल स्पष्ट दिसतो: ज्या रिप्लायला तुम्ही उत्तर दिलंत, तो कागदावर दीडशे लाइकच्या बरोबरीचा. कमेंट बॉक्सकडे पाठ फिरवणाऱ्या लेखकाचं नुकसान कुठे होतं ते इथे कळतं.

फेसबुकने जानेवारी २०१८ मध्ये फीडचा रोख लोकांच्या आपसांतल्या संवादाकडे वळवला. त्याआधी २०१७ पासून 'संताप' या इमोजीला लाइकच्या पाचपट वजन होतं, हे २०२१ मध्ये बाहेर आलेल्या अंतर्गत कागदपत्रांतून उघड झालं. २०२० मध्ये ते वजन शून्यावर आणलं गेलं होतं. तरी भांडणाच्या पोस्ट आजही धावतात, कारण भांडणात कमेंट पडतात. 'न' आणि 'ण'वरून वाद काढा, पुरणपोळी गुळाची की साखरेची असं विचारा, दोनशे कमेंट कुठे गेल्या नाहीत. पण त्या दोनशे जणांपैकी तुमची कथा वाचायला कोण परत येतो, हे महिन्याभराने तपासा. उत्तर बहुधा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं निघतं. भांडायला आलेला माणूस भांडणासाठीच परत येतो.

इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये तीन मुख्य निकष सांगितले: किती वेळ पाहिलं, किती लाइक आले आणि किती जणांनी दुसऱ्याला पाठवलं. तुम्हाला फॉलो न करणाऱ्यांपर्यंत पोचायचं तर तिसरा निकष जास्त वजनदार.

पायरी पहिली: काम ठरवा

मजकूर टाइप करण्याआधी वहीत एक शब्द लिहा: पाठवणं, बोलणं, साठवणं किंवा परत येणं.

पाठवण्यासाठी लिहायचं तर मजकूर स्वतःत पूर्ण हवा. अलक चाळीस ते ऐंशी शब्दांची ठेवा आणि तिला पार्श्वभूमी लागता कामा नये. लोक पाठवतात ते त्यांना स्वतःला कुणाला तरी सांगायचं असतं म्हणून. बहिणीला, जुन्या मित्राला, सुनेला. तेव्हा हे कोण कोणाला पाठवेल, याचं एका वाक्यात उत्तर आलं नाही तर ती पोस्ट पाठवली जाणार नाही, चांगली असली तरी.

बोलण्यासाठी ज्याची प्रत्येकाकडे स्वतःची आवृत्ती असते असा विषय घ्या: शाळेचा डबा, गावचा बाजाराचा दिवस, घरातला पहिला फोन. शेवटी 'तुम्हाला काय वाटतं?' विचारू नका, त्याला कुणीच उत्तर देत नाही. 'तुमच्या घरात अशी कोणती वस्तू आहे जी मोडलीय पण भंगारात जात नाही?' याला उत्तर यायला अर्धा मिनिटही लागत नाही, कारण वस्तू समोरच असते. 'सहमत असाल तर लाइक करा', 'एका मित्राला टॅग करा' ही वाक्यं मात्र टाळाच. अशा पोस्ट मागे ढकलायला फेसबुकने डिसेंबर २०१७ पासूनच सुरुवात केली आहे.

साठवण्यासाठी उपयोगाचं काहीतरी लागतं: दहा जुने शब्द आणि त्यांचे अर्थ, एखाद्या परिसरावरची वाचण्याजोगी पुस्तकं, शुद्धलेखनाचा एखादा नियम उदाहरणांसह. याला लाइक कमी पडतात, त्याने नाउमेद होऊ नका. इथे सेव्हचा आकडा बघायचा असतो.

परत येण्यासाठी मालिका. एकच पात्र, एकच चाळ, एकच ठरलेला वार. प्रत्येक भाग स्वतंत्र वाचता आला पाहिजे, कारण नव्या वाचकाला फीडमध्ये तिसरा भाग आधी दिसतो आणि पहिला कधीच नाही. 'भाग ७' हे शीर्षकात टाकू नका, शेवटी टाका. सुरुवातीलाच सात आकडा बघून नवखा वाचक पुढे निघून जातो.

पायरी दुसरी: 'सी मोअर'च्या आधीचा मजकूर

मोबाइलवर एका ओळीत साधारण पाच-सहा मराठी शब्द मावतात आणि फीडमध्ये सुरुवातीच्या मोजक्याच ओळी उघड्या दिसतात. इन्स्टाच्या कॅप्शनमध्ये तर त्याहून कमी. तेवढ्यात काहीतरी घडलेलं असलं पाहिजे. एक नमुना बघा.

आधीचा मसुदा: 'आयुष्यात काही प्रसंग असे घडतात की ते आपल्याला अंतर्मुख करून जातात. आज असाच एक अनुभव आपल्यासमोर मांडत आहे.'

नंतरचा: 'रद्दीवाल्याने दिवाळी अंकांचा गठ्ठा बाजूला सारला. "हा गुळगुळीत कागद, याला भाव कमी." मी वरचा अंक उचलून घेतला. त्यात माझी कथा होती.'

पहिल्यात अठरा शब्द खर्च होऊनही माणूस, वस्तू, जागा काहीच आलेलं नाही. दुसऱ्यात एकवीस शब्दांत दोन माणसं, एक वस्तू आणि एक अपमान आहे. सुधारणेची रीत सोपी: मसुदा लिहा आणि ज्या वाक्यात पहिल्यांदा कुणी काही बोलतं किंवा करतं तिथपर्यंतचं सगळं उडवा. बहुतेक मसुद्यांत दोन ते चार वाक्यं जातात आणि एकाचीही उणीव भासत नाही. 'नमस्कार मित्रांनो', 'सुप्रभात', 'खूप दिवसांनी लिहितोय' हे त्यातच गेलं.

उलट चूकही होते. पहिली ओळ एवढी भडक की पुढचा मजकूर तिला पुरा पडत नाही. 'हे वाचून तुमच्या डोळ्यांत पाणी येईल' म्हटलं की वाचक डोळ्यांत पाणी येऊ न देण्याच्या तयारीनेच वाचतो.

पायरी तिसरी: लांबी, आणि देवनागरीची मोजणी

एक्सवर साध्या खात्याला २८० चिन्हांची मर्यादा आहे. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त ही सगळी वेगवेगळी मोजली जातात. 'घर' दोन, 'मराठी' पाच, 'क्षितिज' सात आणि 'स्वातंत्र्य' तब्बल अकरा. लिंक कितीही लांब असो, २३ धरली जाते. हिशेबाने मराठीत चाळीस ते पन्नास शब्द मिळतात. जोडाक्षरांनी भरलेली संस्कृतप्रचुर भाषा इथे अक्षरशः महाग पडते, बोलीतले शब्द स्वस्त. मजकूर बसत नसेल तर विशेषणं कापण्याआधी 'त्याचप्रमाणे', 'परंतु', 'अत्यंत' हे शब्द तपासा.

इन्स्टाच्याच कंपनीच्या थ्रेड्स या ॲपवर ५०० चिन्हं मिळतात, म्हणजे पंच्याहत्तरच्या आसपास शब्द. अलकसाठी ही जागा उत्तम. इन्स्टाचं कॅप्शन २,२०० पर्यंत जातं. फेसबुकवर मर्यादा ६३,२०६ ची आहे, म्हणजे व्यवहारात नाहीच, आणि तिथली गडबड तीच आहे: जागा आहे म्हणून दीडशे शब्दांचा ऐवज चारशेपर्यंत ताणला जातो. रंगीत पार्श्वभूमीची पोस्ट करायची तर १३० चिन्हांच्या आत राहा. पुढे गेलात की रंग उडून साधा मजकूर उरतो. चारोळी बऱ्याचदा इथेच अडकते. दोन-दोन ओळी एकत्र करून ती बसवू नका, चित्र करा.

परिच्छेद दोन-तीन वाक्यांचा ठेवा. प्रत्येक वाक्यानंतर ओळ सोडायची जी रूढी पडली आहे ती गोष्टीला मारक आहे. सगळीच वाक्यं सुटी पडली की कुठे थांबायचं हे वाचकाला कळत नाही.

पायरी चौथी: मजकुराचं चित्र करताना

चित्राचा फायदा असा की नाव मजकुरासोबत राहतं. तोटा असा की त्यातला मजकूर कॉपी करता येत नाही, शोधताना सापडत नाही आणि अंध वाचकाच्या स्क्रीन रीडरला तो वाचता येत नाही. म्हणून तोच मजकूर कॅप्शनमध्ये किंवा ऑल्ट टेक्स्टमध्ये (स्क्रीन रीडरसाठी चित्राला जोडायच्या वर्णनात) द्या.

आकार १०८० × १३५० पिक्सेल. अक्षर ४४ ते ४८ पिक्सेलपेक्षा लहान नको. चारही बाजूंनी शंभर पिक्सेल मोकळे सोडा, कारण प्रोफाइलच्या जाळीत कडा कापल्या जातात. एका चित्रात पस्तीस ते पंचेचाळीस शब्द. इन्स्टाच्या कॅरोसेलमध्ये (एकाच पोस्टमधल्या सरकवत बघायच्या चित्रमालिकेत) आता वीस चित्रं चालतात, पण कथेसाठी पाच ते सात पुरेत. पहिल्या चित्रावर शीर्षक आणि फुलांची नक्षी घालून जागा दवडू नका, तिथूनच गोष्ट सुरू करा आणि वाक्य अर्धं असताना चित्र संपवा.

फॉन्ट निवडताना ल आणि श बघा. बऱ्याच देवनागरी फॉन्टमध्ये ही अक्षरं हिंदी वळणाची येतात आणि मराठी डोळ्याला खुपतात. 'तिरो देवनागरी मराठी' मध्ये ती मूळचीच मराठी वळणाची आहेत. 'मुक्ता' आणि 'बालू' वाचायला स्वच्छ आहेत. तिन्ही गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळतात.

नाव कोपऱ्यात टाकलं तर कापून टाकायला दोन सेकंद लागतात. शेवटच्या ओळीच्या लगेच खाली, मजकुराच्याच आकारात टाका.

पायरी पाचवी: टाकण्याआधीची तपासणी

पोस्टच्या वर पृथ्वीगोलाचं चिन्ह आहे ना? 'फ्रेंड्स' सेटिंग राहिलं तर पोस्ट कुणीही शेअर केली तरी जे तुमचे मित्र नाहीत त्यांना ती दिसत नाही. रीच (पोस्ट किती जणांपर्यंत पोचते) अडकण्याचं हे सर्वांत क्षुल्लक आणि सर्वांत जास्त आढळणारं कारण.

मजकूर श्रीलिपी किंवा कृतीदेव अशा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधून उचलला असेल तर आधी युनिकोडमध्ये बदला, नाहीतर वाचकाला नुसती इंग्रजी चिन्हं दिसतील. बदलल्यावर रफार, जोडाक्षरं आणि 'ऱ्य' डोळ्यांखालून घाला. 'दुसर्या', 'पुढार्याने' अशी रूपं राहून जातात, कारण ऱ्य साठी नुक्ता असलेला ऱ लागतो आणि बदलणारी साधनं तिथे चुकतात.

हॅशटॅग तीन ते पाच पुरेत. मध्ये मोकळी जागा किंवा संयोगचिन्ह आलं की तो तुटतो, म्हणून #मराठी_अलक असं अधोरेषेने जोडा.

लिंक शक्यतो मूळ पोस्टमध्ये नको. वाचकाला बाहेर घेऊन जाणारी पोस्ट जास्त लोकांना दाखवण्यात प्लॅटफॉर्मला रस नसतो. एक्सबाबत तर इलॉन मस्क यांनीच नोव्हेंबर २०२४ मध्ये लिंक रिप्लायमध्ये टाका असं सुचवलं होतं. पहिल्या कमेंटमध्ये लिंक टाका, पिन करण्याची सोय असेल तर पिन करा आणि पोस्टमध्ये तसा उल्लेख ठेवा. मात्र मूळ पोस्ट लिंकशिवाय अपुरी वाटली तर वाचक चिडतो. तिला स्वतःचा शेवट हवाच.

पायरी सहावी: वेळ आणि पहिला तास

वाचक कुठे आहे त्यावर वेळ ठरते. सकाळी साडेसातला टाकलेली पोस्ट पुण्यात चहाबरोबर वाचली जाते. तेव्हा न्यू यॉर्कमध्ये उन्हाळ्यात आदल्या रात्रीचे दहा आणि कॅलिफोर्नियात संध्याकाळचे सात वाजलेले असतात. दोन्हीकडचे मराठी वाचक एकदम मिळतात. रात्री साडेनऊला टाकलं तर महाराष्ट्रातला निवांत वाचक मिळतो, लंडनमध्ये उन्हाळ्यात संध्याकाळचे पाच होतात, पण अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर भरदुपारचे बारा. परदेशी वाचक नसतील तर हा हिशेब सोडा आणि आपल्या लोकांच्या कामाच्या वेळा बघा.

टाकल्यावर तासभर फोन हाताशी ठेवता येत नसेल तर पोस्ट उद्यावर न्या. मराठी कमेंट ठरावीक येतात: सुंदर, अप्रतिम, वाह, भिडलं. प्रत्येकाखाली हात जोडलेला इमोजी चिकटवला की संभाषण तिथेच संपतं. 'भिडलं' म्हणणाऱ्याला 'तुमच्याकडेही रद्दीवाला घरी येतो का अजून?' असं विचारलं तर तो उत्तर देतो, त्या उत्तराला तिसरा जोडला जातो. सगळ्यांना विचारायची गरज नाही. चार-पाच जणांना मनापासून विचारलंत की गप्पा आपोआप चालतात.

एकच मजकूर दहा-बारा ग्रुपमध्ये पाच मिनिटांत चिकटवू नका. ते स्पॅमसारखं दिसतं आणि ग्रुपमध्ये पोस्ट करण्यावर तात्पुरती बंदी येऊ शकते. दोन ग्रुप निवडा, त्यांचे नियम वाचा, इतरांच्या पोस्टवर आठवडाभर बोला, मग आपलं टाका.

पायरी सातवी: मोजमाप

फेसबुकच्या साध्या प्रोफाइलवर आकडे दिसत नाहीत. प्रोफाइलच्या तीन टिंबांत 'प्रोफेशनल मोड' सुरू केला की व्ह्यूज आणि नवे फॉलोअर दिसू लागतात. पाच हजार मित्रांची मर्यादा गाठलेल्यांनाही याचा उपयोग होतो.

आठवड्याला तीन पोस्ट, आठ आठवडे, म्हणजे चोवीस पोस्टनंतरच निष्कर्ष काढा. वहीत प्रत्येक पोस्टपुढे लिहा: ठरवलेलं काम, व्ह्यूज, शेअर, सेव्ह, अनोळखी लोकांच्या कमेंट, नवे फॉलोअर. मग दर हजारी काढा. समजा, एका पोस्टला ९,००० व्ह्यूज आणि २७ शेअर मिळाले, दुसरीला १,२०० व्ह्यूज आणि १८ शेअर. पहिली हजारी तीन, दुसरी हजारी पंधरा. पुढच्या आठवड्यात दुसरीसारखी लिहायची, कौतुक पहिलीचं झालं असलं तरी. अनोळखी कमेंटचा रकाना सगळ्यात प्रामाणिक असतो, कारण मावशी तिथे मोजली जात नाही.

एकदम रीच पडला की 'शॅडोबॅन झाला', म्हणजे प्लॅटफॉर्मने न सांगता आपल्या पोस्ट दडपल्या, असं म्हणायची घाई होते. आधी साधी कारणं बघा. पब्लिक सेटिंग. परीक्षा, निवडणूक, गणपती असा सगळ्यांचं लक्ष खेचणारा आठवडा. दुसऱ्या ॲपचा वॉटरमार्क असलेलं चित्र. तीच पोस्ट पुसून पुन्हा टाकणं, ज्यात आधीच्या कमेंटही जातात. इन्स्टावर सेटिंग्जमधल्या 'अकाउंट स्टेटस' मध्ये खात्यावर काही निर्बंध असतील तर ते लिहिलेले असतात.

जमलेला वाचक प्लॅटफॉर्मच्या हाती राहतो, म्हणून महिन्यातून एकदा त्याला आपल्या यादीत ओढा: व्हॉट्सॲप चॅनल, ब्लॉग किंवा ईमेल पत्र. सबस्टॅक या ईमेल पत्रांच्या संकेतस्थळावर मोफत मराठी पत्र सहज चालतं आणि ईमेलची यादी उतरवून घेता येते. सशुल्क करायचं तर तिथे पैसे स्ट्राइप या ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या सेवेमार्फत येतात आणि भारतात स्ट्राइप २०२४ पासून फक्त निमंत्रितांनाच नवं खातं देतं. अमेरिकेतल्या किंवा ब्रिटनमधल्या मराठी लेखकाला ही अडचण नाही.

नाव गळलं तर

चांगली पोस्ट व्हॉट्सॲपवर जाणार आणि तिथे 'लेखक अनामिक' होणार, हे गृहीत धरा. नुसतं शेवटी नाव असेल तर ते पहिल्या दोन-तीन फॉरवर्डमध्येच गळतं. शीर्षकाच्या ओळीतही नाव घाला. मालिका असेल तर पात्राचं आणि चाळीचं नाव मजकुरात विणलेलं ठेवा. ते काढायला मजकूर बदलावा लागतो आणि तेवढे कष्ट फारसं कुणी घेत नाही.

कुणी स्वतःच्या नावावर टाकलंच तर आधी तारखेसह स्क्रीनशॉट आणि पोस्टची लिंक जपून ठेवा, मग आपल्या मूळ पोस्टची लिंक देऊन नाव घालायला सांगा. बरेच जण ओशाळून घालतात. दाद दिली नाही तर फेसबुक-इन्स्टाचा कॉपीराइट तक्रारीचा अर्ज भरा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने लिहिताक्षणी हक्क तुमचा होतो, नोंदणी सक्तीची नाही, आणि कलम ५७ लेखक म्हणून ओळखलं जाण्याचा हक्क देतं. सार्वजनिक पोस्टची तारीख आणि मूळ मसुदा हाच तुमचा पुरावा. म्हणून जुन्या पोस्ट पुसू नका.

काय टाकायचं नाही

दिवाळी अंक, मासिकं आणि स्पर्धा बहुधा अप्रकाशित साहित्य मागतात आणि फेसबुकवर टाकलेली कथा अनेक संपादक प्रकाशित धरतात. अंकासाठी बेतलेल्या कथेचा शेवट किंवा मधला तुकडाही टाकू नका. तिच्या आसपासचं टाका: त्या गावची एक सवय, पात्राच्या तोंडी आलेला एक जुना शब्द. छोटी पोस्टच वाढून कथा होणार असं लिहिताना वाटलं, तर ती ड्राफ्टमध्ये ठेवा. अंक बाजारात आल्यावर मुखपृष्ठ, पान क्रमांक आणि पहिला परिच्छेद टाकता येतो का, पूर्ण कथा कधी टाकलेली चालेल, हे संपादकांना कथा पाठवतानाच विचारून घ्या.